कागदाच्या मागचा पूल

१२ सप्टेंबर
नदीच्या अलीकडून

लव्हॉन, नणंदबाई,

तर मतं मागायला आधी आली ती तुमच्या पक्षाची हत्तीवाली. मी अजून केसांना कंगवा लावला नव्हता, अंगात तुझ्या भावाचा जुना स्वेटर, आणि दारात ही उभी. जोलीन प्रॅट. शेजारच्या आर्लोच्या कुंपणावर प्रचाराच्या पाटीतून हसते ना, तीच. पाटीवर दात जास्त दिसतात. प्रत्यक्षात बरी आहे, बुटांना चिखल होता. बूट बाहेर काढून आत आली म्हणून मी तिला खुर्ची दिली, नाहीतर हत्तीला मी एरवी पायरीवरच बसवते, तुला माहीत आहे.

ती बसते न बसते तोच आमच्या पक्षाचा गाढववाला हजर. वेंडेल नूटसन. एकाच दिवशी, एकाच घटकेला, आणि माझ्याकडे टेबल एकच. झाडाखाली सफरचंदांचा सडा पडलाय म्हणून मी दोन ट्रे केक केले होते. म्हटलं, भांडायचं तर खाऊन भांडा. मग दोघं समोरासमोर बसली आणि लग्नात आलेल्या भांडलेल्या व्याह्यांसारखी खाली बघून खात राहिली.

आणि मग निघाला पूल. निघणारच. वेंडेल म्हणाला, ऑर्फाआजी, तुमचा पूल सतत माझ्या मनात असतो. मी म्हटलं, बाळा, मनावरून ट्रॅक्टर जात नाही. जोलीन हसली तर तिलाही म्हटलं, तू हसू नकोस, तुमची माणसं निवडून आली तेव्हा तरी कुठे खिळा ठोकला. मग दोघं एकदम बोलायला लागली. गावाने थोडा खर्च मंजूर करायला हवा, या वेळी त्यावरही मतदान आहे, मग उरलेले पैसे सरकारकडून मिळतात, असं काहीतरी. मला कमी ऐकू येतं आणि कंटाळा जास्त येतो. मी खिडकीतून बघत बसले. तू दोरीवर चादरी घालत होतीस. निळ्या काठाची शेवटी घातलीस. पुराने पुलाचा मधला भाग नेल्यापासून मला तुझं तोंड काही दिसत नाही, पण चादर वाळत घालणारी बाई मी कुठूनही ओळखीन.

दोघांनी जाताना उरलेल्या केकचा एकेक ट्रे नेला. ट्रेच्या बुडाला माझ्या नावाची पट्टी आहे, म्हटलं भांडं परत आणायचं. दोघं म्हणाले, निवडणूक झाली की लगेच येतो.

आता आपलं. मतदानाच्या दिवशी नेहमीसारखंच ना? मी लग्न होऊन आले त्या वर्षी आयनारने घालून दिलेलं, तुझ्याच भावाने. म्हणाला, ऑर्फा, तू गाढवाला देणार, माझी बहीण हत्तीला देणार, बेरीज शून्य. पेट्रोल कशाला जाळता, पुलावर बसा आणि कॉफी प्या. तेव्हापासून आपण दोघींनी मत म्हणून दिलं नाही आणि कॉफी म्हणून चुकवली नाही. पूल मधे नाही तर नाही. तू तुझ्या टोकाला खुर्ची टाक, मी माझ्या. करार म्हणजे करार.

टपालवाला सांगत होता, माझं पत्र आधी मोठ्या शहरात जातं, तिथे यंत्रातून फिरतं, रात्र काढतं, मग तुझ्याकडे. तू समोर चादरी घालतेस आणि माझी हाक शहर बघून येते. मजाच आहे.

तुझी,
ऑर्फा


२१ सप्टेंबर
पलीकडून

ऑर्फा वहिनी,

तुझं पत्र आलं. केक आला नाही. तुझे पाहुणे पुलाबद्दल बोलायला आले होते, तर एकाने तरी लांबच्या रस्त्याने वळसा घालून तो ट्रे माझ्याकडे आणला असता म्हणजे त्यांना कळलं असतं पूल कशाला लागतो.

माझ्याकडे कोणी आलं नाही. आम्ही हत्तीचेच, हे हत्तीला माहीत आहे आणि गाढवालाही. मग कोण पेट्रोल जाळतो.

मला नेत्यांचा राग येत नाही आता. पाऊस आहे म्हणून पावसावर कोण रागावतं. राग येतो आपल्या लोकांचा. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना सगळे पुलाला रडतात. मग आमच्याकडचे म्हणतात, त्या तीरावरच्या दुकानांसाठी आम्ही का भरायचं. तुमच्याकडचे म्हणत असतील, पलीकडच्या चार म्हाताऱ्यांसाठी आम्ही का भरायचं. आणि मतदानाला गेले की आजोबांनी ज्या खुणेपुढचा गोल काळा केला, तोच काळा करून घरी येतात. पुन्हा तळघर, पुन्हा रडणं.

डेल ॲरिझोनाहून दर रविवारी फोन करतो. सूनबाईंनी खोली रंगवली म्हणे. कोणासाठी ते मी विचारलं नाही.

खुर्ची टाकीन. करार म्हणजे करार.

लव्हॉन


१० नोव्हेंबर

लव्हॉन,

काय दिवस होता ग तो. धुकं इतकं की नदी होती की नाही तेच कळेना. मी आयनारची खुर्ची पुलाच्या तुटक्या टोकाशी नेली, थर्मास, गोधडी, टोपी. तू दिसेनास. मग धुक्यातून नुसता तुझा कप कठड्यावर आपटल्याचा आवाज आला. मी माझा आपटला. तू पुन्हा आपटलास. मला वाटलं, आपण एकाच टेबलाशी बसलोय आणि मधे कोणी ढग ओतून ठेवलाय. मग ऊन आलं, ढग उठला, आणि समोर तू, लाल टोपीत, एवढीशी, जशी नातवाने काढलेल्या चित्रात आजी असते. आपण हात केले. एक बगळा आपल्या मधून, जिथे आपल्या खुर्च्या असायच्या बरोबर तिथून गेला. गावातल्या गाड्या मतदानाला जात येत होत्या आणि मला सगळ्यांची कीव आली. बिचारे रांगेत, आणि आपण अशा.

संध्याकाळी आर्लो सांगायला आला. आमचा वेंडेल आला निवडून. तुझी जोलीन पडली. इथवर ठीक. पण पुलाच्या खर्चाचा प्रस्ताव पडला ग. आणि ऐक, एका मताने. एका. सगळी मोजून पुन्हा मोजून एका मताने.

मी इतकी चिडले की आर्लोला कॉफीही दिली नाही. म्हटलं, कोण तो दळभद्री जो त्या दिवशी घरी पाय पसरून बसला असेल? ज्याला एवढं उठून जाता आलं नाही? आर्लो म्हणाला, माझ्याकडे बघू नकोस ऑर्फा, मी गेलो होतो. त्याच्या बोलण्यात दम नव्हता. मला त्याचाच संशय आहे.

पहाटे आयनार स्वप्नात आला. काखेत दोन्ही खुर्च्या, आणि चालला पुलावरून. मधला तुकडा नाहीच, तरी हा चालतोय, पायाखाली नुसतं पाणी चमकतंय. मी ओरडले, अहो पडाल. तर म्हणाला, मधे आहे काहीतरी, तुम्ही उलटून बघत नाही. आणि गेला तुझ्याकडे. पोचला का?

तुझ्या दोरीवर चादरी का नाहीत? महिना होत आला. पुलावर भेटलीस तेव्हाही हात एकच हलवत होतीस, दुसरा खिशात. थंडी फार वाजते का आताशा?

ऑर्फा


१८ नोव्हेंबर

वहिनी,

डेलने कपडे वाळवायचं यंत्र घेऊन दिलं. दोरीची गरज नाही. अक्षर वाकडं आहे, पेन खराब आहे.

एका मताचं मीही ऐकलं. आमच्याकडे सगळे एकमेकांकडे बघतायत. मला वाटतं तो आर्लोच. लग्नाच्या दिवशीही उशिरा उठला होता.

वेंडेल ट्रे घेऊन आला का? मी पैज लावते, नाही आला. आता दोन वर्षांनी येईल, तोच पट्टीने पाडलेला भांग घेऊन. आणि तू पुन्हा केक देशील, आणि सगळं गाव पुन्हा त्याच गोलात शाई भरेल. मला थकवा आलाय, वहिनी. पुलाचा नाही. आपल्या माणसांचा.

आयनार इथे पोचला नाही. पोचला तर खुर्च्या ठेवून घेईन.

लव्हॉन


१४ डिसेंबर

लव्हॉन,

बस आधी. बसलीस? पेनाचं मला सगळं कळलंय, त्यावर शेवटी बोलते. आधी हे.

काल बर्फात एक गाडी आली. मला वाटलं वेंडेल. कसला वेंडेल. तुझी हत्तीवाली, जोलीन. हातात माझा ट्रे. भांडं रिकामं परत देऊ नये हे त्या बाईला कोणीतरी शिकवलंय, आत लिंबाच्या वड्या होत्या. म्हटलं, अगं, जिंकलेला आला नाही आणि हरलेली आलीस? म्हणाली, जिंकलेल्याला वेळ नसतो, आजी. मला आता भरपूर आहे.

मग बसलो. बाहेर बर्फ इतका संथ पडत होता की घर हळूहळू वर चाललंय असं वाटावं. पूल निघालाच. मी पुन्हा सुरू केलं, कोण तो दळभद्री घरी बसलेला. आणि बोलता बोलता, तोंड आहे ना माझं, तिला आपली गंमत सांगितली. तू हत्ती, मी गाढव, बेरीज शून्य, कॉफी. फुशारकीने सांगितली. पूर्वी पुलावर कसं बसायचो, आता टोकाटोकाला कसं बसतो, बगळा, सगळं.

ती हसायची थांबली. कप खाली ठेवला. मला म्हणाली, "आजी, मतपत्रिकेला मागची बाजू असते, माहीत आहे ना?"

मी म्हटलं, म्हणजे?

तिने तिची लिंबाची वडी गुंडाळलेला कागद टेबलावर सपाट केला. पुढच्या बाजूला बोट ठेवून म्हणाली, इथे वेंडेल आणि मी. इथे तुमची बेरीज शून्य, मान्य. मग कागद उलटा केला. म्हणाली, पूल इथे होता. इथे हत्तीही नाही आणि गाढवही नाही. नुसतं हो की नाही. तुम्ही दोघींनी काय म्हटलं असतं?

लव्हॉन, मी तो कागद हातात घेऊन दोनदा उलटून बघितला.

तुझं हो, माझं हो. एका मताने पडला, तर एका मताने झाला असता. आर्लोची मी माफी मागायला हवी. मागणार नाही, पण हवी.

मला वाटलं आता रडू येईल. आलं हसू. इतकं हसू आलं की जोलीनने मला पाणी दिलं. महिनाभर ज्याला आपण दोघी शिव्या घालत होतो तो टोपी घालून, गोधडी पांघरून, माझ्याच खुर्चीत बसला होता. आणि दुसरा तुझ्या. आयनारने सांगितलं तरी कळलं नाही बघ. उलटून बघत नाही म्हणाला होता. जिवंतपणी मात्र त्याने स्वतः कधी कागद उलटला असेल असं वाटत नाही.

जोलीन म्हणते, गावातून पुरेशा सह्या मिळाल्या तर एप्रिलच्या मतदानात हाच प्रश्न पुन्हा घालता येतो. ती अर्ज लिहून देते. मी म्हटलं, तू तर पडलीस, तुला काय मिळणार? तर म्हणाली, मी पुलाचं वचन दिलं होतं, निवडून येईन याचं नाही.

आता पेन. ती आधी तुझ्याकडे जाऊन आली होती, लांबच्या रस्त्याने. हाताला प्लास्टर आहे तुझ्या. ऑक्टोबरपासून. पायरीवर पडलीस, रुग्णवाहिका वळसा घालून येईपर्यंत अंगणात पडून होतीस. मी समोर. मी खिडकीत बटाटे सोलत असेन. आणि तू मला यंत्राचं सांगतेस. मी तुझी वहिनी आहे का टपालवाला?

ऑर्फा


२२ डिसेंबर

वहिनी,

डाव्या हाताने लिहिते, म्हणून थोडक्यात.

सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू तुझी ती गाडी काढून बर्फातून निघाली असतीस आणि दोघींना प्लास्टर लागलं असतं.

डेल ईस्टरला न्यायला येतोय. कायमचं. रंगवलेली खोली माझीच. त्याचं चुकत नाही. पडले तर माणूस यायला हवा, आणि नदीला ते कळत नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग यंत्र लावलं आणि त्या आवाजात मोठ्याने हसले. इतकी वर्षं मी तळघरात लोकांना शिकवत होते.

डेलला फोन केला. म्हटलं, एप्रिलचं मतदान होईपर्यंत मी हलणार नाही. आणि पूल मंजूर झाला तर मी इथलीच. म्हणाला, "आई, तू तर कधी मतच देत नाहीस." म्हटलं, म्हणूनच साठलंय.

जोलीनला अर्जाचे कागद पाठवायला सांग. आमच्या तीराचं मी बघते. प्लास्टर दाखवलं की लोक सही करतात.

लव्हॉन


६ एप्रिल

लव्हॉन,

झाला.

तुला कळलंच असेल, पण मला लिहायचंय. झाला ग. फार मोठ्या फरकाने नाही, पण या वेळी कोणी मोजून पुन्हा मोजलं नाही.

त्या सह्या काय मजेच्या होत्या. दारोदार केक घेऊन फिरले. निम्म्या गावाने कागद उलटलाच नव्हता. आर्लोही त्यातलाच. म्हणाला, मला वाटलं मागे सूचना असतील. एकीने हिशेब सांगितला, तिचं आणि नवऱ्याचं मत जुळत नाही म्हणून ती दोघंही घरीच राहतात. आपली सवय अख्ख्या गावाला लागलेली, आणि आपल्याला वाटत होतं आपण दोघीच शहाण्या.

टाउन हॉलमध्ये गेले तर आत मुलांच्या शाळेसारखा वास. बाई म्हणाली, ऑर्फा, तू? मी म्हटलं, मीच. पेन हातात घेतलं आणि कागद आधी उलटाच केला. पूल. हो. गोल असा काळा केला की कागदाच्या पुढून दिसावा. पुढच्या बाजूला न्यायाधीश का कोण होते, तिथे काही केलं नाही. करार म्हणजे करार. तूही कोरंच ठेवलंस ना?

बाहेर आले तर ऊन, नदीवरचा बर्फ सुटून तुकडे वाहत चाललेले. प्रत्येक तुकड्यावर थोडं आभाळ. मी उभी राहिले. वाटलं, हे सगळे तुकडे कुणीतरी पुलाच्या मधल्या जागेसाठी जमवून नेत असावं.

ईस्टरला डेल येईल तेव्हा त्याला सांग, खोलीत शिलाईचं यंत्र ठेव, आई येत नाही.

ऑर्फा


१९ एप्रिल
ॲरिझोना

वहिनी,

डेल मला घेऊनच आला. भांडणं केली नाहीत, म्हणून मलाही करता आली नाहीत. म्हणाला, "आई, कागदावरच्या पुलावरून रुग्णवाहिका येत नाही. वेंडेलनेही कागदावरच बांधला होता. काम सुरू झाल्याचं ऑर्फामामी लिहील त्या दिवशी मी तुझं तिकीट काढतो." बरोबर बोलतो. माझ्यावर गेलाय.

इथे नद्यांवर मोठमोठे पूल आहेत, खाली पाणी नाही. मी रोज एकावरून फिरायला जाते आणि कठड्यावरून वाळू बघते. वाळूतही लाटा असतात. संध्याकाळी सगळं गुलाबी होतं आणि मला वाटतं समोरच्या टेकडीवर तुझ्या स्वयंपाकघरात दिवा लागला. मग कळतं, पेट्रोलपंप आहे.

हो, पुढची बाजू कोरी ठेवली. तुझ्यावर विश्वास नव्हता, तरी ठेवली.

तू नुसतं बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. खरंच कोणी आलं तरच लिही.

लव्हॉन


९ मे

लव्हॉन, नणंदबाई,

आधी आली ती बाईच. तिच्या खांद्यावर तीन पायांची तिवई, डोक्यावर पिवळं हेल्मेट, आणि तोंडात च्युइंगगम. मागून एक उंच माणूस, त्याच्या हातात खुंट्यांची मोळी. मी म्हटलं, मत मागायला आला असाल तर पायरीवर बसा. म्हणाली, नाही आजी, आम्ही नदी मोजायला आलोय.

गेल्या गुरुवारी सकाळपासून होते. पूल मधे नाही म्हणून तो माणूस वळसा घालून तुझ्या बाजूला गेला. शिव्या देतच पोचला असणार, मला बरं वाटलं. माझ्या अंगणात तीन खुंट्या ठोकल्या, केशरी फितीच्या. तुझ्याकडेही. एक बरोबर तुझ्या पायरीपाशी.

दुपारी ती बाई म्हणाली, पलीकडे काहीतरी पांढरं, मोठं लावता आलं तर इथून नीट दिसेल, झाडीत खुंटी हरवते. मी म्हटलं, किल्ली कुंडीखाली, कपाट डाव्या हाताला, आणि दोरी तयारच आहे. तिने फोनवरून त्याला सांगितलं. मी भांडी घासायला आत आले.

मान वर केली तर समोर, तुझ्या दोरीवर, चादर. निळ्या काठाची. वारा तिच्यात शिरत होता आणि निघत होता. लव्हॉन, मी हात पुसले आणि दोन कप काढले. दोन्हीत कॉफी ओतल्यावर मला कळलं. मग मी दुसरा कप त्या बाईला दिला, आणि ती तिवईच्या भिंगातून तुझ्या चादरीकडे बघत राहिली, एक डोळा मिटून. मलाही दाखवलं. इतकी जवळ दिसली ग. तू मागच्या वर्षी लावलेल्या ठिगळाचे टाके मोजता आले असते.

मी विचारलं, खरंच होणार का? कारण आमच्याकडे मोजून जाणारे फार होऊन गेले. तिने वर बघितलं नाही. म्हणाली, "आजी, मी वचन देत नाही. मी खुंट्या ठोकते."

परसातल्या रुबार्बच्या आंबट देठांचा केक केला होता, तो उरला. जोलीनने परत आणलेल्या ट्रेमध्येच दिला. वेंडेलकडचा अजून त्याच्याकडेच आहे. बाईने ट्रे उचलून खालची पट्टी वाचली, ऑर्फा, आणि तिवईच्या पेटीवर पेनाने लिहून घेतलं, ट्रे परत देणे. पेटी माझ्या पडवीत ठेवून गेले, वजनदार आहे, गाडीत पुन्हा कशाला चढवा म्हणाले.

चादर काढायला मी सांगितलं नाही. तिथेच असू दे. रोज सकाळी बघते, पाऊस आला तर भिजते, ऊन आलं तर वाळते. यंत्रापेक्षा छान.

डेलला पत्र दाखव. पेटी पडवीत आहे तेही सांग. यंत्रं घेऊन परत येतो म्हणालेत, सोमवार, बावीस मे.

ऑर्फा